राखीव टेबल

सकाळी नाश्त्याचे कप गोळा करताना बुर्गीला रोज एकच प्रश्न विचारला जाई. "संध्याकाळी जेवायला कुठं चांगलं?" बुर्गी खिडकीतून बर्फाच्या उतारांकडं बघे, आणि जणू हवेचा अंदाज घेऊन सांगतेय अशा चेहऱ्यानं उत्तर देई. प्रत्यक्षात ती वार आठवत असे. सोमवारी 'हरिण' चांगलं असायचं, मंगळवारी 'पोस्ट', बुधवारी 'सूर्य', आणि गुरुवारी हरणाचा स्वयंपाक पुन्हा सुधारायचा.

हिंटरआऊ या डोंगरातल्या गावात हॉटेलं ही तीनच, आणि तिन्ही घरातलीच म्हणायची. 'हरिण' बुर्गीच्या धाकट्या भावाचं, आंब्रोसचं. 'पोस्ट' तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं, सेन्सीचं. 'सूर्य' तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाचं, गॉटफ्रीडचं. बुर्गीच्या घरात पाहुण्यांना खोल्या आणि सकाळचा नाश्ता मिळे, रात्रीचं जेवण मिळत नसे. त्यामुळं तिचे पाहुणे रोज कुणाच्या तरी दारात जाऊन बसत. त्याची फेड ज्याच्या त्याच्या पद्धतीनं होई. चादरी आंब्रोसच्या मोठ्या यंत्रात धुतल्या जात. सेन्सी तिच्याकडं जागा नसली की गिऱ्हाईक बुर्गीकडं धाडी. आणि गॉटफ्रीडचा ट्रॅक्टर पहाटे सगळ्यांच्या आधी बुर्गीच्या चढावरचा बर्फ बाजूला सारी. या तीन दोऱ्यांवर घर उभं होतं, आणि तिन्ही सारख्याच ताणलेल्या ठेवायच्या एवढंच बुर्गीचं राजकारण होतं.

त्यातूनच आणखी एक नियम आपोआप झाला होता. तिन्हींपैकी कुठंही बुर्गी आणि लोरेंत्स जेवायला म्हणून कधी जायचे नाहीत. एकाकडं बसलं की उरलेल्या दोघांनी विचारायचं, आमच्याकडं काय वाईट होतं?

लोरेंत्स हा तिचा नवरा. सुतार माणूस, बोलायला कंजूष. तिन्ही हॉटेलांतल्या खुर्च्या त्यानंच दुरुस्त केलेल्या आणि टेबलांवर ठेवायच्या 'राखीव' लिहिलेल्या लाकडी पाट्याही त्यानंच कोरलेल्या. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दाढी करता करता तो आरशाला म्हणाला, "रविवारी चाळीस वर्षं होतील."

"माहितीये मला."

"एकदा बाहेर जेवू या. आपण दोघंच. समोरासमोर बसू, आणि ताट उचलायला तू उठायचं नाहीस."

बुर्गीनं हातातला टॉवेल पुन्हा घडी केला. चाळीस वर्षांत या माणसानं काही मागितल्याचं तिला आठवेना. एकदा रंधा मागितला होता, तोही सासऱ्यांकडं. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तिनं मनातल्या मनात तिन्ही हॉटेलांवरून फेरी मारली आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या, कुणीच ओळखत नाही अशा एका हॉटेलापाशी येऊन थांबली. गुपचूप जायचं, गुपचूप यायचं. लोरेंत्सला बर्फातून गाडी चालवायची हौस नव्हती, पण तो "बरं" म्हणाला.

गुपचूप हा शब्द हिंटरआऊत फारसा चालत नाही. लग्नाला सगळं गाव होतं, तेव्हा तारीखही सगळ्यांच्या लक्षात होती. बुधवारी सकाळी आंब्रोसचा फोन आला. "ताई, रविवारी कोपऱ्यातलं टेबल ठेवलंय. लग्नाचं जेवण आपल्या हरणातच झालं होतं, आता चाळिसावंही इथंच." तासाभरानं सेन्सी दारात. तिचं म्हणणं, लग्नाला हरिण झालं, म्हणजे आता पाळी पोस्टाची. दुपारी गॉटफ्रीड ट्रॅक्टर थांबवून वरूनच बोलला. "लग्न त्यांच्याकडं, पोरीचं बारसं सेन्सीकडं. वहिनी, सूर्यानं काय घोडं मारलंय?"

बुर्गीनं आयुष्यात फार कमी थापा मारल्या होत्या, त्यामुळं तिच्याकडं निवडीला वाव नव्हता. ती म्हणाली, लोरेंत्सचं पोट बिघडलंय, आठवडाभर पथ्य आहे. आंब्रोसला सांगितलं ते तिनं सेन्सीला सांगितलं, सेन्सीला सांगितलं ते गॉटफ्रीडला. थाप मारतानासुद्धा तिनं कुणावर अन्याय केला नाही.

चूक नेमकी तिथंच झाली. थंडीच्या सुट्टीत, डोंगर पाहुण्यांनी भरलेला असताना, 'पोट बिघडलंय' हे शब्द अशा गावात उच्चारायचे नसतात. पाय मोडला म्हटलं तर लोक हळहळतात. पोट बिघडलं म्हटलं तर लोक विचारतात, काय खाल्लं होतं, आणि कुठं?

आणि लोरेंत्सनं खाल्लं होतं. रविवारी आंब्रोसकडं नवी पाटी द्यायला गेला तेव्हा पाव आणि डुकराच्या मांसाचे दोन काप. सोमवारी सेन्सीची खुर्ची चिकटवली तेव्हा वाटीभर गुलाश, मांसाचा तिखट रस्सा. मंगळवारी गॉटफ्रीडचं दार घासून दिलं, तिथं सॉसेज. सुताराला उपाशी परत पाठवायचं नाही ही गावची रीत, आणि ती रीत तिघांच्याही अंगावर आली.

सेन्सी म्हणाली, आंब्रोसचं मांस आपल्याला कधीच ताजं वाटलं नाही, पण मैत्रिणीचा भाऊ म्हणून बोलले नाही. आंब्रोस म्हणाला, सेन्सीचा गुलाश सोमवारी चांगला लागतो, कारण तो शुक्रवारचा असतो. गॉटफ्रीड दोघांबद्दलही काही बोलला नाही, पण ते न बोलणं त्यानं गावभर फिरून केलं. स्कीच्या शिक्षकांनी हे ऐकलं, शिक्षकांकडून ते उतारावरच्या वर्गांत गेलं, आणि गुरुवारी दुपारपर्यंत हॉलंडच्या आया मुलांना हात धुवायला लावत होत्या. संध्याकाळी तिन्ही हॉटेलांत दिवे लागले, मेणबत्त्या लागल्या, आणि वाढपी भिंतीला टेकून एकमेकांकडं बघत राहिले. वाण्याकडचं चीज संपलं. पाहुणे खोल्यांत पाव कापून खाऊ लागले.

बुर्गीचा नाश्ता मात्र कधी नव्हे तो फस्त होऊ लागला. माणसं सकाळीच रात्रीचंही भरून घेत होती. अंडी उकडता उकडता तिला एकानं हळूच विचारलं, "जेवायला कुठं... म्हणजे, कुठं नको?" त्या दिवशी शुक्रवार होता. नेमानं पोस्टाचं नाव घ्यायला हवं होतं. बुर्गीनं त्याच्या ताटात आणखी एक अंडं ठेवलं.

शुक्रवारी चादरी धुवायला गेल्या नाहीत. आंब्रोसचं यंत्र म्हणे दुरुस्तीला काढलं होतं. सेन्सीनं धाडलेलं एक कुटुंब वाटेतूनच कुठंतरी वळलं. आणि शनिवारी पहाटे ट्रॅक्टरचा आवाज आला, चढाखालून गेला, आणि चढ तसाच पांढरा राहिला.

बुर्गीनं फावडं घेतलं. लोरेंत्स दुसरं फावडं घेऊन शेजारी उभा राहिला. बराच वेळ दोघं बर्फ उपसत होती.

"माझं पोट कसंय आता?" लोरेंत्सनं विचारलं.

"आज बरं झालं पाहिजे," बुर्गी म्हणाली.

तिनं तिघांना फोन करून सांगितलं की लोरेंत्स ठणठणीत आहे. कुणाचा विश्वास बसला नाही, आणि बसला असता तरी पाहुण्यांचा बसला नसता. आंब्रोस म्हणाला, "ताई, सांगून काय उपयोग? दाजींनी माझ्या खिडकीत बसून जेवायला पाहिजे. सगळ्यांनी बघायला पाहिजे." बुर्गीच्या लगेच लक्षात आलं, हरणाच्या खिडकीत जेवलं की बाधा पोस्टात झाली असा निकाल लागणार. म्हणजे तिन्हीकडं जेवायचं. तिनं तोडगा काढला: एकाकडं सूप, एकाकडं मुख्य जेवण, एकाकडं गोड. हा तोडगा पाच मिनिटं टिकला. सूप कुणालाच नको होतं. "म्हणजे आमच्याकडं पाणी प्यायला येणार, आणि जेवायला तिकडं," सेन्सी म्हणाली. "बुर्गे, इतकी वर्षं तुला ओळखते, हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं."

शेवटी ठरलं की तिन्हीकडं सूपपासून गोडापर्यंत पूर्ण जेवायचं.

शनिवारी संध्याकाळी लोरेंत्स कोट घालून बुर्गीबरोबर निघाला. रस्त्याकडच्या खिडकीतलं टेबल, त्यावर त्यानंच कोरलेली पाटी, आणि काचेबाहेर स्कीचे बूट घातलेली माणसं. हरणात त्यानं कलेजीच्या गोळ्यांचं सूप, पावाच्या चुऱ्यात तळलेलं श्निट्झेल आणि सफरचंदाची गोड गुंडाळी संपवली. आंब्रोस शेजारी खुर्ची ओढून बसला आणि प्रत्येक घासाला खोलीभर नजर फिरवू लागला. पोस्टात उकडलेलं गोमांस होतं. सेन्सी बुर्गीला खेटून बसली आणि दाजींनी हरणात बटाटे उरवले होते का, याची चौकशी करत राहिली. लोरेंत्सनं इथंही बटाटे उरवले नाहीत. सूर्यात पोचेपर्यंत त्याचा चेहरा रंगवलेल्या संतासारखा स्थिर झाला होता. गॉटफ्रीडनं चीजमध्ये घोळलेल्या शेवयांची कढई समोर ठेवली आणि तळापर्यंत खाल्ल्याशिवाय चव कळत नाही म्हणाला. तळ दिसला. मग परातभर श्मारन, म्हणजे तुकडे केलेलं गोड जाड धिरडं आलं, आलुबुखाराच्या रसाबरोबर.

एव्हाना तिन्ही हॉटेलं भरली होती. माणसं दारात रांग लावून होती. गॉटफ्रीडनं भावाची पाठ थोपटली. लोरेंत्सनं ती थाप मोठ्या हिमतीनं सोसली.

बुर्गी मात्र समोर बसून एवढंच बघत होती की तीन टेबलं झाली, आणि नवऱ्याशी तिचं एक वाक्यही बोलून झालं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी मध्ये कुणीतरी बसलेलं होतं. तिनं ताट उचललं नव्हतं हे खरं. पण तिला तेवढं एकच अर्धं मागणं पुरं झाल्यासारखं वाटलं, आणि तेही चुकीच्या दिवशी.

रविवारी सकाळी लोरेंत्सचं पोट खरोखर बिघडलं. भिंतीकडं तोंड करून तो पडून होता, आणि पलीकडच्या खोऱ्यातलं जेवण आता सुटलंच होतं. फोन वाजला. आंब्रोसनं विचारलं, दाजी कसे आहेत? बुर्गीनं खोलीकडं पाहिलं आणि म्हणाली, "ते? स्कीला गेलेत." सेन्सीलाही तेच सांगितलं. गॉटफ्रीड तोवर चढ साफ करत दारापर्यंत आला होता. त्यालाही तेच सांगितलं, तेव्हा तो भिंतीला टेकलेल्या लोरेंत्सच्या स्कीकडं बघून म्हणाला, "कशावर गेला?"

"निघतोय," बुर्गी म्हणाली. "आम्ही दोघं निघतोय."

तेव्हा जाणं आलं. बुर्गीनं पिशवीत थर्मास टाकला, नवऱ्याच्या खांद्यावर स्की दिल्या, आणि दोघं गावातून निघाली. हरणाच्या खिडकीपाशी लोरेंत्सनं हात वर केला. पोस्टापाशी टोपी काढली. सूर्यापाशी त्यानं चक्क हसून दाखवलं, आणि पुढचं वळण घेतल्यावर थोडा वेळ खांबाला धरून उभा राहिला. तिथून रोपवेपर्यंत फार लांब नव्हतं. एक मोकळी केबिन समोर येताच बुर्गीनं त्याला आत ढकललं. दार मिटलं. गाव खाली जाऊ लागलं.

वर पोचल्यावर दार उघडलं. रोपवेवरची बाई म्हणाली, "उतरा."

"आणखी एक फेरी," बुर्गी म्हणाली.

"स्की वर आणून परत खाली नेणार?"

"त्यांना जरा फिरवून आणतोय."

दार पुन्हा मिटलं. बुर्गीनं थर्मासच्या झाकणात कॅमोमाइलच्या फुलांचा काढा ओतला आणि कागदातून दोन टोस्ट काढले. लोरेंत्सनं एक टोस्ट घेतला, काढ्यात बुडवला, हळूहळू खाल्ला. समोरासमोर बसून दोघं खाली बघत होती. तिन्ही हॉटेलांची छपरं इतक्या वरून सारखीच पांढरी दिसत होती. फोन घरी राहिला होता.

"कसं लागतंय?" तिनं विचारलं.

"काल तीनदा जेवलो," तो म्हणाला. "त्यातलं काही आठवत नाही. हे आठवेल."

बुर्गीनं त्याच्या हातातलं रिकामं झाकण घेतलं. तिनं उठून झाकण धुवायला जायचं का, असा विचार केला. उठायला जागाच नव्हती.

मधल्या थांब्यावर केबिन सावकाश झाली, दार उघडलं. बाहेर तिच्याकडंच उतरलेला एक पाहुणा बायकोसह उभा होता. ओळख पटताच तो हसला, एक पाय आत टाकला आणि विचारलं, "बरं झालं भेटलात. आज जेवायला कुठं चांगलं?"

बुर्गीनं सवयीनं डोंगराकडं पाहिलं. रविवार. तिनं तोंड उघडलं.

लोरेंत्सनं तेवढ्यात कोटाच्या खिशात हात घातला. सूर्यातल्या टेबलावरची लाकडी पाटी काढून त्यानं दोघांच्या मधल्या बाकावर, दाराकडं तोंड करून, नीट उभी केली. पाहुण्यानं ती वाचली. पाय मागं घेतला.

"माफ करा हं," तो म्हणाला, आणि मागून येणाऱ्या केबिनची वाट बघत उभा राहिला.