शेखररावांच्या शुभहस्ते

"आधी सत्कार, मग गाणं," शेखरने गाडीतच सांगून टाकलं. "सत्कार झाल्याशिवाय मी माइकला हात लावत नाही."

"दादा, फुकट गायला चाललोय आपण," सायली म्हणाली. स्टिअरिंग तिच्याच हातात होतं आणि भावाची कारकीर्दही. पगारी मॅनेजर गेल्या वर्षीच सोडून गेला होता.

सतराव्या वर्षी शेखर एका मालिकेत कॉलेजकुमार झाला आणि निम्म्या महाराष्ट्रातल्या मुलींच्या कंपासपेट्यांत झाकणाच्या आतून चिकटला. मग त्याने सिनेमे केले. दोन. दुसरा शुक्रवारी लागला आणि शनिवारी नाशकात शोधूनही सापडला नाही. त्यानंतर तो गायक झाला, कारण घरात कोणी वेळेवर अडवलं नाही. आता छत्तिसाव्या वर्षी मुंबईची एक कंपनी त्याचं गाणं काढायला तयार होती, पण हजार माणसं त्याला समोर बसून ऐकताहेत असा व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत हवा होता. नाहीतर गाणं दुसऱ्याला. शेखरच्या नावावर हजार माणसं जमली नसती, म्हणून सायलीने आयती जमलेली शोधली: सायखेड्याच्या भिमाजींच्या मुलीचं लग्न, दीड हजारांचा मांडव, साडेबाराचा मुहूर्त.

अट ऐकून भिमाजींचा चेहरा उतरला. "सत्कार करू ना, त्याचं काय नाय. पन एकट्याचाच?"

"मान एकट्याचाच असतो, काका," शेखर म्हणाला.

माइक सांभाळणाऱ्या रावजी गुरुजींनी डोळे मिटून घेतले. त्यांनी पुष्कळ लग्नं पाहिली होती.

अकरा वाजता शाल, श्रीफळ, फेटा झाला. शेखर घसा साफ करून वळतो न वळतो तोच पहिल्या रांगेतले नवरीचे थोरले मामा उठले आणि चपला शोधू लागले.

"मामा रुसले!" भिमाजी ओरडले. "गुरुजी, मामांचं नाव घ्या!"

गुरुजींनी घेतलं. सत्कार कोणाच्या हस्ते करायचा? स्टेजवर मोकळा माणूस एकच होता. "सुप्रसिद्ध सिनेकलावंत शेखरराव यांच्या शुभहस्ते!"

थोरल्यांना टॉवेल-टोपी मिळाली म्हटल्यावर धाकट्या मामांनी काय पाप केलं होतं? सरपंच झाले, मग माजी सरपंचांनी खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात वरपक्षातून आवाज आला, "मुलीकडचे नऊ, अन् आमचे चारच व्हय?"

"काका, टॉवेल संपतील ना कधीतरी?" सायलीने मोठ्या आशेने विचारलं.

"काळजीच नको, ताई. दोन गठ्ठे मागं हायेत. लग्नघर हाय."

शेखर टोप्या घालत राहिला. मालिकेच्या दिवसांतली एक गोष्ट त्याच्या अंगात मुरली होती: समोर कोणीही येवो, त्याला वाटलं पाहिजे की हा फक्त आपल्यासाठीच हसला. माजी सरपंच तर डोळे पुसतच खाली उतरले.

त्र्याऐंशीव्या टोपीला नवरदेव मांडवात आला. गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मग गुरुजींनी माइक पुढे केला. "घ्या साहेब, आता तुमचाच."

शेखरने डोळे मिटून सूर लावला. उघडले, तेव्हा समोर दीड हजार खुर्च्या होत्या. माणसं पंगतीला पळाली होती. एक म्हातारी तेवढी चालता चालता थांबली. "जेवून घे रं बाबा," ती कळवळून म्हणाली. "बुंदी संपून जाईल."

खुर्च्यांचा व्हिडिओ सायलीने पाठवला नाही. सात वाजता कंपनीने गाणं दुसऱ्याला दिलं.

शेखर दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी भिमाजींचा फोन आला. "ताई, चाळीस वर्षांत आमच्या भावकीत बिनरुसव्याचं लग्न झालं नव्हतं. साहेबांच्या हाताला गुण हाय! चांदवडच्या पाहुण्यांना नंबर दिलाय तुमचा."

चांदवडकरांनी तो पुढे दिला. महिन्याभरात मे अखेरपर्यंतचे मुहूर्त भरले. शेखरने दोन नवे फेटे घेतले आणि आरशासमोर उभा राहून तो म्हणाला, "सायली, त्यांना विचार ना, सत्कार संपले की शेवटी एखादं गाणं..."

सायलीच्या कानाला फोन होता. पलीकडचा वधुपिता चाचरत होता. "ताई, तारीख पक्की धरा. फक्त एक इचारायचं व्हतं, राग मानू नका. साहेब... गातात म्हने?"

सायलीने खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"छे हो, काका. महिना झाला, सोडलंय त्यांनी."