वडिलांच्या वाट्याचे थेंब

बाग मला जमते, असं मी त्या वर्षी ज्याला त्याला सांगत होते. पुस्तकं वाचून जमते, हेही सांगत होते.

आमच्या सर्बियातल्या डोंगराळ गावात घरटी अलुबुखाराची दारू, म्हणजे राकिया, गाळतात. पण माझे वडील, वितोमीर, तिच्यात परसातल्या वाफ्यातला पाला मुरवायचे, आणि तशी राकिया गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ते गेले. पहिल्याच आठवड्यात धाकटे राशकोकाका त्यांची तांब्याची भट्टी न्यायला आले. बाईमाणूस भट्टीपुढे बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. बऱ्याच वादानंतर ठरलं ते असं: वर्षश्राद्धाला कबरीपाशी मी वडिलांसारखी राकिया वाढायची. जमली तर भट्टी माझी. नाही तर काका ट्रॅक्टर घेऊन येणार.

मी वाफ्याची सेवा केली. पुदिना रुसला. बडीशेपेने मान टाकली. रानओवा म्हणजे सरकारी कचेरीतला पंखा, असून नसल्यासारखा. पण कोपऱ्यातलं पेलिन! दवण्याच्या कुळातलं हे करड्या पानांचं कडू झुडूप माझ्या कमरेला आलं. वडील ते दर वसंतात छाटून मुठीएवढं करायचे. मला ते निर्दयपणाचं वाटे. दुःखाचं खत झाडाला मानवतं, अशी मी समजूत करून घेतली आणि कात्री लावली नाही. शेजारच्या स्मिल्याकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "पोरी, ते बाकीच्यांना खातंय." मी त्यांना वनस्पतींच्या सहजीवनाबद्दल बरंच सांगितलं. त्या सगळं ऐकून घेऊन कोंबड्यांकडे गेल्या.

वडिलांनी गाळलेल्या राकियाचा एकच बुधला उरला होता. ते त्यात पेलिनची एक काडी टाकायचे, हे मी पाहिलं होतं. पण बाकीचा वाफा रिकामा होता. मग एका काडीने एवढा गुण येतो तर जुडीने किती येईल, असा मी सरळ विचार केला. रंग सुरेख आला. चव मात्र पाहिली नाही, कारण दुखवट्याच्या वर्षात थेंबही घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं.

आमच्याकडे कबरीपाशी पेले भिडवत नाहीत. गेलेल्याचं नाव घेऊन दोन थेंब मातीत सोडायचे, त्याच्या वाट्याचे. मग आपण प्यायचं. पाद्रीबाबांनी थेंब सोडले, घोट घेतला, डोळे मिटले. प्रार्थना लांबली. मग त्यांनी उरलेला पेला सावकाश कबरीवर रिता केला. स्मिल्याकाकूंनी जेमतेम ओठ लावले आणि "वितोमीर, तुला जास्त गरज आहे," म्हणत सगळी राकिया ओतली. मागोमाग एकेक जण पुढे आला. मातीचा चिखल झाला. माझा ऊर भरून आला. इतकं प्रेम आमच्या गावात जिवंत माणसालाही मिळालेलं नाही.

घरच्यांनी शेवटी प्यायचं असतं. मी प्याले.

वर्षभर मी रडले नव्हते. गावात त्यावर बोलणंही झालं होतं. आता डोळ्यांना आणि नाकाला धारा लागल्या. बायका धावल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या, मोकळी हो म्हणाल्या. मला फक्त पाणी हवं होतं. जिभेचं लाकूड झालं होतं. पण खरं सांगायचं तर, पाणी मिळाल्यावरही ते रडणं थांबलं नाही.

सगळे पांगले तेव्हा राशकोकाका एकटेच उभे होते. त्यांचा पेला रिकामा होता, आणि त्यांच्या पायापुढची माती कोरडी. दोन थेंबही त्यांनी सोडले नव्हते. का, असं मी विचारलं. त्यांनी कडूपणाने वाकडं झालेलं तोंड बाहीने पुसलं.

"माझा भाऊ आहे तो," ते म्हणाले. "मेलाय म्हणून काय वाटेल ते पाजायचं?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. मी अडवलं नाही. दोर बांधायला हातच लावला. निघताना काकांनी इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितलं की अलुबुखार पिकले की ये, भट्टीखाली लाकडं सारायला कुणीतरी लागतं.

मी जाते. जाळ बरा लावते, असं ते लोकांना सांगतात. पाल्याची टोपली मात्र ते मांडीवर घेऊन बसतात, आणि मी नुसती पाय मोकळे करायला उठले तरी ती दोन्ही हातांनी धरतात.