नळ घट्ट बंद करावेत, हुकुमावरून

हे ज्याने केलं त्याला लाज नाही, हे आधी सांगून टाकतो. तुर्कस्तानात पालांदोकेन डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जानेवारीत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, तिथल्या माणसांसाठी कुणीतरी उबदार खुर्चीत बसून कागद काढला : "रात्री नळ थेंब थेंब चालू ठेवून पाणी वाया घालवू नये. नळ घट्ट बंद करावेत. हुकुमावरून." खाली शिक्का, आणि सही म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून मारलेला फेरफटका. नाव कुठेच नाही. असली कामं करणारे नाव लिहीत नसतात.

वाहतं पाणी गोठत नाही, हे इथे पाळण्यातलं पोरही जाणतं. इमारतीतल्या सोळा बिऱ्हाडांनी तो कागद वाचला, हसून घेतलं आणि रात्री नळ चालूच ठेवले. नाही, पंधरा बिऱ्हाडांनी. सोळावं मुनेव्वरचं. तिच्या नवऱ्याने, वहापने, तीस वर्षं जमिनीच्या कचेरीत कारकुनी केलेली. शिक्का दिसला की हा उठून उभा राहतो. तो कागद त्याने स्वयंपाकघरात सिंकच्या वर चिकटवला आणि शनिवारी बायको झोपल्यावर नळ पिळून बंद केला. बाहेर उणे सत्तावीस.

रविवारी सकाळी मुनेव्वरने नळ सोडला. नळाने साधा खोकलासुद्धा काढला नाही.

"अहो, आजच? आजच सुचलं तुम्हाला? तीन वाजता माणसं येतायत पोरीला मागणी घालायला!"

"अगं, लेखी हुकूम होता."

"मग त्यांना कॉफीच्या कपात हुकूमच घोळून देऊ का?"

तिने पाणीखात्याला फोन लावला. रविवारच्या ड्युटीवरचा माणूस जांभई देत म्हणाला, "नळ थोडा चालू ठेवायचा ना बाई."

"बंद ठेवा म्हणून तुम्हीच लिहिलंय!"

"ते कोण वाचतं हो?"

"माझा नवरा वाचतो!"

पलीकडे आणखी एक जांभई. "मग बाई, त्याला आम्ही काय करणार?" फोन बंद.

मुलगी नर्मीन अर्धे केस कुरळे करून बसली होती. उरलेल्या अर्ध्यांसाठीचा ड्रायर आईने तिच्या हातातून काढून स्वयंपाकघरातल्या उत्तरेच्या भिंतीवरच्या पाइपावर धरला. बारा वाजता ड्रायर धूर सोडून मेला. पाइप जसाच्या तसा. नर्मीन आरशात बघून म्हणाली, "आई, मी एका बाजूने नवरी आणि दुसऱ्या बाजूने मोलकरीण दिसतेय."

"मग एका बाजूनेच बस!"

शेजाऱ्यांकडे पाणी मागायचं तर जिन्यात सकाळपासून "हुकूम पाळलात म्हणे?" चालू होतं. त्या दात काढणाऱ्यांच्या दारात भांडं घेऊन जाईल तर ती मुनेव्वर कसली! तिने वहापच्या हातात बादली दिली. "मागच्या अंगणातला बर्फ आणा. वरचा, स्वच्छ. आता तरी डोकं चालवा."

वहापने बर्फ आणला, पांढराशुभ्र. उकळला, गाळला. तीनला पाहुणे हजर. नवरा मुलगा सेदात, त्याची आई आणि वडील फिक्री बेय, म्हणजे फिक्रीराव. "मोठे सरकारी साहेब आहेत," एवढंच स्थळ आणणाऱ्या मावशीने सांगितलं होतं. मुनेव्वरला त्याहून जास्त नको होतं. नर्मीन एकोणतीसची, आधीची दोन स्थळं कॉफीपर्यंत येऊन फिरलेली. आज काही बिघडायला नको होतं.

नर्मीनने रिवाजाप्रमाणे सेदातच्या कपात दोन चमचे मीठ घातलं. तोंड वाकडं न करता प्यायला तर पोरगा संसाराला टिकणारा. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने डोळे मिटले आणि एका दमात कप रिकामा केला. फक्त कान लाल झाले.

मग फिक्री बेयनी घोट घेतला आणि ते थबकले. पोरीने चुकून पोराचा कप आपल्याला दिला, असं समजून सभ्य माणसाने मुकाट गिळला. त्यांच्या बायकोनेही तेच समजून तेच केलं. मुनेव्वरने स्वतःचा कप तोंडाला लावला आणि वहापला दंडाला धरून दाराआड नेलं.

"बर्फ कुठला?"

"पायऱ्यांवरचा."

"पायऱ्यांवर रखवालदार पोतंभर मीठ टाकतो! अंगणातला सांगितला होता ना?"

"अंगणात पाटी आहे," वहाप पडेल आवाजात म्हणाला. "आत पाय ठेवू नये म्हणून."

मुनेव्वर काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

ती बाहेर आली तेव्हा फिक्री बेय घसा खाकरून उभे राहिले होते. "अल्लाच्या आज्ञेने आणि पैगंबरांच्या वचनाने, तुमच्या मुलीला आमच्या मुलासाठी..."

फाट्! पाइप अखेर सुटला होता, पण उभा फाटून. स्वयंपाकघरातून पाण्याची धार थेट गालिच्यापर्यंत आली. फिक्री बेय कोट फेकून धावले आणि त्यांनी दोन्ही तळवे चिरेवर दाबले. पाणी बाह्यांतून आत शिरलं.

"घाबरू नका वहिनी! हे आमच्याच खात्याचं काम!"

"कुठल्या खात्याचं?"

"पाण्याच्या! मी तिथे वरच्या..." त्यांची नजर सिंकवरच्या कागदावर गेली. भिजत भिजतच चेहरा उजळला. "अरे वा! माझा कागद! भिंतीवर लावलाय तुम्ही?"

वहाप ताठ उभा राहिला. त्याने बहुधा सलामच केला असता.

मुनेव्वर शांतपणे कोपऱ्यात गेली आणि मेन कॉकवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

"वहिनी, फिरवा ना! गारठलो!"

"फिरवते. मुलगीही देते. पोरगा चांगला आहे, मीठ मुकाट प्यायला. पण आधी एवढं सांगा, व्याही." सेदातची आई एकाएकी छताकडे बघायला लागली होती. "काल रात्री तुमच्या घरचा नळ चालू होता की बंद?"

पाणी फिक्री बेयच्या कोपरांवरून टपटपत होतं.

"बोला. चालू की बंद?"