मीटरवरचा पहारा

सहादेव ऑफिसातून विजेचं बिल घेऊन घरी आला, तेव्हा विजयमाला शकूच्या तोंडात बोट घालून चिंचोका बाहेर काढत होती. आठ महिन्यांच्या पोरीला तो कुठे सापडला देव जाणे. पण पाळण्यावर दिवा होता, म्हणून निदान तो दिसला तरी.

तिच्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, बिल तीनदा वाचलं. "दोन युनिटं जास्त!"

"आबा, गेल्या महिन्यात शकूला ताप होता ना," सहादेव म्हणाला. "दिवा जळत राहिला."

"चुलीत लाकूड जळतं ते मला दिसतं. ही वीज कुठून आली, किती आली, कोणी मोजून घेतली?"

आबासाहेबांची तीस वर्षं जकात नाक्यावर गेली होती. कडब्याच्या पेंढीतला तुपाचा डबा त्यांना वासावरून कळे. नवरीच्या डोलीतलीसुद्धा चहाची पेटी त्यांनी एकदा उतरवून घेतली होती. अशा माणसाच्या घरात वीज ही पहिलीच वस्तू, की जी दारात न थांबता सरळ आत शिरत होती.

"ऐकून ठेवा," ते म्हणाले. "पुढच्या बिलात याहून एक युनिट जरी जास्त दिसलं, तर मीटर परत. कंदिलात वाढलेली माणसं आहोत आपण."

विजयमालेने मनात हिशेब केला. घासलेट रेशनवर. वीज येण्याआधी महिन्याला मिळे ते स्वयंपाकघरातल्या चिमणीलाच पुरत नसे. शकू आता रांगत होती आणि भुईवरची प्रत्येक वस्तू चाखून पाहत होती. मागच्याच आठवड्यात पाळण्याच्या पायाशी विंचू निघाला होता. तिला रात्रंदिवस एकच काळजी, आणि त्या काळजीला उजेड लागत होता.

"मामंजी, एक सुचवू का?" ती पदर सावरत म्हणाली. पुण्याच्या कॉलेजातून ती इंटर सायन्स झाली होती, आणि ते घरात कोणी विसरलं तर तिला थोडं वाईट वाटे. "मीटरमध्ये एक चाक असतं. दिवा लावला की ते फिरतं. कोणत्या दिव्याला किती फिरतं ते आधी पाहू. मग कुठला कमी करायचा ते कळेल."

आबासाहेबांनी चष्मा काढून सुनेकडे पाहिलं. "म्हणजे विजेचा नाका!"

तिच्या मनात होता एका संध्याकाळचा प्रयोग. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरखाली स्टूल आलं, स्टुलावर आबासाहेब आले, आणि घरात पाळ्या लागल्या.

पण अडचण अशी, की मीटर होता दाराआड, माळ्याखालच्या कोपऱ्यात. भर दुपारीही तिथे काळोख.

"तितं वटवागूळ बसलं तरी दिसायचं न्हाई," सासूबाई राहीबाई म्हणाल्या.

"एक दिवा लागेल तिथे," विजयमाला म्हणाली. हे वाक्य तिचंच होतं. पुढे ते तिला पुष्कळदा आठवलं.

सहादेवने वायर आणि होल्डर आणून मीटरच्या वर पंचवीसचा बल्ब टांगला. आबासाहेबांना त्यात चाकावरची काळी खूण दिसेना. चाळीसचा आणला. त्यात खूण दिसली, पण आकडे दिसेनात. शेवटी साठचा लागला, तेव्हा कोपरा देवळासारखा उजळला.

साठचा उजेड तिथे, म्हणून बाकी घरात काटकसर आली. माजघरात पंधराचा बल्ब लागला. स्वयंपाकघरातला काढून फळीवर ठेवला. राहीबाईंची भाकरी एका बाजूने करपू लागली.

"बाजूच कळंना मला," त्या म्हणाल्या, आणि परात उचलून मीटरखाली येऊन बसल्या. पीठ तिथे मळायचं, डाळ तिथे निवडायची. सहादेव वर्तमानपत्र घेऊन तिथेच टेकू लागला. विजयमालेने आधी दोन दिवस कळ काढली. मग शकूच्या मुठीत तिला काहीतरी काळं दिसलं. माजघराच्या उजेडात तो मुंगळा की मनुका हे ठरेना. मनुकाच निघाली. तरी तिने सतरंजी उचलली आणि लेकीला घेऊन तीही मीटरखाली राहायला गेली. चार खोल्यांचं घर चार हातांच्या कोपऱ्यात नांदू लागलं.

आठव्या दिवशी दुपारी आबासाहेबांनी कसोटी घेतली. "सगळे दिवे बंद!"

सहादेव घरभर फिरून आला. "बंद, आबा."

"स्वयंपाकघर?"

"तितं दिवाच न्हाई," राहीबाई म्हणाल्या. "फळीवर निजलाय त्यो."

सगळ्यांनी माना वर केल्या. साठच्या लख्ख उजेडात चाक संथपणे, कोणाचीही भीड न बाळगता, गोल गोल फिरत होतं.

"चोरी!" आबासाहेब म्हणाले. आवाजात संताप होता, पण खरं सांगायचं तर आनंदही होता. निवृत्तीनंतर असा दिवस त्यांना प्रथमच आला होता. त्यांनी मीटरमागच्या भिंतीवर टकटक केलं. भिंत मुबारकबीची.

मुबारकबी शेजारच्या घरात राहत होती. जिभेने तिखट आणि मनाने मोकळी बाई. आबासाहेब तिच्या अंगणात उभे राहिले. "तुमच्या भिंतीतून वीज जातेय आमची."

मुबारकबीने हातातलं सूप खाली ठेवलं. "काय जातंय?"

"वीज. घरात एक दिवा नाही, तरी चाक फिरतंय."

"आन् ती चोरून आमी ठेवली कुठं, मालक? रांजनात? आमच्या घरात बलब नाय, तार नाय. या, आत येऊन बघा. मडकी उघडून बघा. तीस वरसं लोकांच्या गाठोड्यात हात घातला, आता आमच्या पिठात घाला!"

"अवो, चला घरी," राहीबाई दारातून म्हणाल्या.

"पाहणी करावीच लागेल," आबासाहेब म्हणाले, पण मागे सरकत.

"करा की! पन मग समद्या गल्लीम्होरं करा!"

विजयमाला शकूला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होती. उन्हातून तिने घरात नजर टाकली. दाराआडचा कोपरा तेवढा झगझगत होता. घरात एक दिवा नाही म्हणे. मग आपण ते चाक पाहत होतो ते कशाच्या उजेडात? फिजिक्समध्ये एकसष्ट मार्क. प्रॅक्टिकलला त्याहून जास्त.

आबासाहेब परतल्यावर ती हळूच म्हणाली, "मामंजी, हा वरचा दिवा..."

"तो पहाऱ्याचा. नाक्यावरच्या कंदिलाला कोणी जकात लावतं का?"

यावर कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं. संध्याकाळी तिने नवऱ्याला गाठलं. "अहो, तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी?" सहादेव म्हणाला. "तिथे दिवा लावा असं कोणी म्हटलं?"

सासऱ्यांना सुनेने खोटं पाडलं, तर ते त्याच पावली मीटर उपटून देतील. न सांगावं, तर चाक फिरतंच आहे. दोन्ही वाटा अंधारातच जात होत्या. तिने एवढंच केलं, की आपल्या पाळीत डोळे मिटून दिवा बंद ठेवायला सुरुवात केली. आबासाहेबांनी ते पकडलं आणि पहाऱ्यावर झोपल्याबद्दल तिची पाळी काढून स्वतःकडे घेतली. तिच्या पाळीतला अंधारही गेला.

महिनाअखेर मीटर वाचणारा फक्रुद्दीन सायकल टेकवून आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. मीटरखाली परात, सतरंजी, वर्तमानपत्र, स्टुलावर घरचे मालक. त्याला पाय ठेवायला जागा नव्हती.

"काय मालक, लगीन हाय का घरात?"

"तक्रार आहे. सगळं बंद असताना चाक फिरतं."

फक्रुद्दीनने चाक पाहिलं, मग वर बल्ब पाहिला, मग सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. आणि त्याने बटण दाबलं. कोपऱ्यात मिट्ट काळोख झाला.

"थांबलं बगा चाक," अंधारातून त्याचा आवाज आला.

"कशावरून? दिसत कुठंय?" आबासाहेबांचा आवाज आला.

फक्रुद्दीनने काडी ओढली. पिवळ्या उजेडात चाक अगदी निमूट उभं होतं. काडी विझली आणि राहीबाई हसल्या. आधी नाकातून, मग पदरातून, मग उघड. शकूही टाळ्या पिटू लागली.

"नाक्याचा कंदील..." आबासाहेबांनी सुरुवात केली.

फक्रुद्दीनने आकडा वहीत घेतला. "मागच्या महिन्याच्या दुप्पट हाय, मालक."

विजयमालेने शकूला घट्ट धरलं. आबासाहेब स्टुलावरून उतरले. बोललेलं फिरवण्याची त्यांना सवय नव्हती. "वीज बंद करायचा अर्ज असतो ना? दे इकडे. सूनबाई, दौत-टाक आण. तू लिही, मला बारीक अक्षर दिसत नाही."

फक्रुद्दीनने पिशवीतून छापील कागद काढला. विजयमालेने माजघरात सतरंजी घातली आणि लिहायला दिसावं म्हणून तिथल्या पाळण्यावरचा पंधराचा काढून पंचवीसचा बल्ब लावला. आपल्या हाताने आपलाच अंधार लिहायचा होता, पण अक्षर तिचं वळणदार होतं. नाव झालं, पत्ता झाला. ती थांबली.

"पुढे काय आहे?" आबासाहेबांनी विचारलं.

"वीज बंद करण्याचं कारण. इथे चार ओळी सोडल्यात."

"लिही. बिल वाढलं."

"तेवढं चालत न्हाई," फक्रुद्दीन म्हणाला. "का वाढलं ते लिवावं लागतं. सायब विचारतो. आन् खाली शेजाऱ्याची साक्ष लागती."

दारात सावली पडली. हसणं ऐकून मुबारकबी आली होती. "साक्ष मी देते की. सई येत नाय, अंगठा देते. पन फक्रुभाई, आधी कारन वाचून दाखवायला सांगा. मला लिवता येत नाय, ऐकायला येतं."

टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला. आबासाहेबांनी कागदावरच्या त्या चार मोकळ्या ओळींकडे पाहिलं. मग मुबारकबीकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर ऐसपैस टेकली होती आणि तिला कुठेही जायची घाई नव्हती.

"लिहू का, मामंजी?" विजयमालेने खाली मान घालून विचारलं. ओठ तिने दातांखाली धरले होते.

"घाई काय आहे?" आबासाहेब म्हणाले. "सरकारी कागद आहे. शब्द नेमके पाहिजेत. मला नीट विचार करू दे." ते पाळण्याशेजारी बसले. तिने अदबीने बटणाकडे हात नेला, तसे ते दचकले.

"अगं, तो राहू दे! कारण सुचेपर्यंत तो दिवा राहू दे. अंधारात मला सुचत नाही."