टाकीतलं बेचाळीस टक्के तेल

साबणाच्या कारखान्यात तेलाच्या दहा टाक्या मोजायचं काम काकांकडे होतं. शिडी चढायची, झाकण उघडायचं, मापाची पट्टी आत सोडायची आणि आकडा वहीत लिहायचा. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून काकांनी शिडी सोडली. वही मात्र सोडली नाही. कालच्या आकड्यातून थोडं वजा केलं की आजचा तयार. तेलाचा टँकर दर आठवड्याला यायचाच, त्यामुळे सगळं बिनबोभाट चाललं होतं. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि ते अब्रूनिशी पार पडावेत एवढंच त्यांचं मागणं होतं.

तेवढ्यात पहिल्या टाकीवर तेल मोजणारं यंत्र बसलं. पडद्यावर आकडा उमटला, एकोणीस टक्के. काकांच्या वहीत एकसष्ट!

काकांनी घाईघाईने वही मिटली. यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअर बाई मात्र हसल्या.

"नवीन यंत्र आहे काका, तुमच्याकडनंच शिकेल." आणि बटणं दाबदाबून त्यांनी यंत्राला एकसष्टावर आणून बसवलं.

आता वजाबाकीचीही कटकट गेली. काका पडद्यावरचा आकडा वहीत उतरवायचे आणि बाई वहीवरून पडदा तपासायच्या. दशांशापर्यंत जुळायचं. मॅनेजरसाहेब इतके खूश झाले, की त्यांनी त्या टाकीचा ठरलेला टँकरच बंद केला. टाकीत तेल असताना मागवायचं कशाला?

बाराव्या दिवशी टाकीतून तेल ओढणारा पंप कोरडा फिरून जळाला. पडद्यावर बेचाळीस, वहीत बेचाळीस.

"खरं काय ते सांगून टाका," बायको म्हणाली. "कामावरून काढलं तर काढलं. झोपेत आकडे पुटपुटता हो!"

सकाळी काका साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, दोन वर्षांत मी टाकीवर चढलेलो नाही. आकडे मनाचे आहेत."

बाईंनी खाली बघितलं. यंत्राच्या तपासणीवर त्यांची सही होती, आणि त्याखाली साहेबांची.

"मन थाऱ्यावर नाही तुमचं," साहेब म्हणाले. "दोन-दोन मापं बेचाळीस म्हणतात, ती काय खोटी?"

"पण टाकी रिकामी आहे!"

"म्हणजे गळतेय."

वेल्डर टाकीभोवती तीन फेऱ्या मारून आला. "साहेब, भोक कुठंय?"

"तुला शोधायला नाही, बुजवायला बोलावलंय!"

त्याने बिचाऱ्याने धडधाकट पत्र्यावर ठिगळ मारलं. 'गळती बंद' असा अहवाल गेला.

"काढलं का हो?" काका घरी येताच बायकोने विचारलं.

"नाही गं. दोन वर्षं वाढवून दिली. उरलेल्या नऊ टाक्यांवर यंत्रं बसतायत. त्यांना आकडे शिकवायचेत."

"नऊ? त्यांत तरी तेल आहे ना?"

काका चपला काढत म्हणाले, "वहीत आहे."