फोटो माझाच आहे!

"अख्ख्या जबलपुरात घसरत्या गाडीचा फोटो माझ्यासारखा कोणी काढून दाखवावा, मी कॅमेरा नर्मदेत फेकून देईन!" असं प्रणोती बोकारे दर रविवारी छातीठोकपणे म्हणायची. दाखवायला कोणी पुढे यायचं नाही, कारण असले फोटो काढणारी अख्ख्या जबलपुरात ती एकटीच होती.

आठवडाभर ही बाई डिफेन्सच्या हिशेब कार्यालयात फायलींवर खेकसायची. रविवार उजाडला की गळ्यात कॅमेरा, डोक्याला ओढणी, आणि स्कूटर भेडाघाटच्या दिशेला! तिथे शालिग्रामजी नावाच्या संगमरवराच्या व्यापाऱ्याचं मोठं थोरलं आवार होतं. रविवारी कारागिरांना सुट्टी, म्हणून योगेश नावाचा गॅरेजवाला त्यांची परवानगी काढून तिथे आपली जुनी पांढरी काँटेसा घेऊन यायचा आणि ड्रिफ्टिंग करायचा. ड्रिफ्टिंग म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम मागून घसरवायची, तोंड एकीकडे आणि गाडी भलतीकडे. प्रणोतीचे सासरे बापू त्याला 'चांगल्या टायरची राख करणं' म्हणायचे.

त्या रविवारी प्रणोती दगडांच्या ढिगाआड पालथी पडली होती. नाकातोंडात पांढरी भुकटी, कोपराला खरचटलेलं. काँटेसा आडवी होऊन आली, मागच्या चाकांतून धुराचा लोट उठला आणि प्रणोतीने बटण दाबलं. फोटो असा आला, असा आला, की योगेश स्वतः म्हणाला, "दीदी, मैं इतना अच्छा चलाता हूँ क्या?"

"नाही," प्रणोती म्हणाली, "मी इतका चांगला काढते."

फोटोत मागे अर्धवट कोरलेल्या नंदींची रांग होती. कोपऱ्यात प्रणोतीने आपलं नाव टाकलं आणि फोटो जबलपुरातल्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवला. इथेच घात झाला!

त्या ग्रुपात अनिमेष नावाचा एक पोरगा होता. गाडी चालवता येत नव्हती, कॅमेरा धरता येत नव्हता, पण मोबाईलवर 'ड्रिफ्ट किंग' नावाचं पान होतं आणि त्यावर हजारो लोक. त्याने वरून नंदी कापले, खालून प्रणोतीचं नाव कापलं, मधोमध आपलं नाव ठोकलं आणि शहरातल्या भर वस्तीचं नाव घेऊन लिहिलं, 'राइट टाउन अपना, रोड अपने बाप की!'

प्रणोतीने ते पाहिलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं असं आपटलं की शेजारच्या खोलीत बापूंचा चष्मा घसरला.

"काहून आपटून राहिली बाप्पा?" बापूंनी विचारलं.

"चोर! माझा फोटो चोरला! माझे नंदी कापले!"

तिने अनिमेषला फोन लावला. "नाव टाक माझं! आत्ताच्या आत्ता!"

"दीदी, रिलॅक्स! कला तो सबकी होती है ना!"

"कला सबकी? मग कोपर माझं एकटीचं काहून सोललं रे?"

त्याने फोन ठेवला. मग काय! प्रणोतीने त्या फोटोखाली लिहायला सुरुवात केली. मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, इंग्रजीत सगळी अक्षरं मोठी करून लिहिलं. 'ये फोटो मेरी है! वहाँ मैं थी, ये नहीं था! जिसे शक हो, फोन करे!' आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबर. नवरा सुशांत बिचारा स्वभावाने वरणभात. तो हळूच म्हणाला, "नंबर कशाला दिला पण?"

"लपवायला मी काय चोरी केली?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. भारदस्त बाईचा आवाज.

"प्रणोती जी? वो सफ़ेद गाड़ी वाली फोटो आपकी है?"

प्रणोतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कुणी तरी विचारलं एकदाचं! नक्की प्रदर्शनवाले!

"जी हाँ! मेरी ही है! शंभर टक्के!"

"अनिमेष का इसमें कोई हाथ नहीं?"

"उसका? अरे, उसको तो हैंडल भी पकड़ना नहीं आता! सब मैं करती हूँ. गाडी कहाँ से मोड़नी है, कितना धुआँ चाहिए, सब मेरे कहने पर होता है!"

"अच्छा!" पलीकडे कागदावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. "पहले भी किया है?"

"कितनी बार! हर संडे!"

"बहुत बढ़िया. शाम को थाने आ जाइए. मैं इंस्पेक्टर अंजनी तिवारी बोल रही हूँ. राइट टाउन की सड़क पर स्टंट करवाने के बारे में थोड़ी बात करनी है."

प्रणोतीच्या हातातला चहा फायलीवर सांडला, आणि आयुष्यात प्रथमच ती फायलीवर चिडली नाही.

संध्याकाळी ती, सुशांत आणि बापू ठाण्यात हजर झाले. बापूंनी निवृत्तीच्या समारंभातला कोट घातला होता. "जेलात गेली तर निदान घराणं बरं दिसावं," असं त्यांचं म्हणणं! सुशांतचा चेहरा पांढराफटक. सरकारी नोकरी, पोलिसांत नाव, उद्या साहेबांनी खुलासा मागितला तर? रस्ताभर तो एकच गोष्ट घोकत होता, "सांगून टाक, फोटो माझा नाही. बस! संपलं!"

आत बाकावर अनिमेष बसला होता. प्रणोतीला पाहताच टुणकन उठला आणि हात जोडून ओरडला, "मॅडम, यही हैं! फोटो दीदी की है! पूरा क्रेडिट दीदी का! मैंने पेज पर भी लिख दिया है, दीदी का नाम, बड़ा-बड़ा!"

प्रणोती जागच्या जागी थिजली. कालपासून जे वाक्य ऐकायला ती तडफडत होती, ते हेच! आणि मेल्याने म्हटलं कुठे, तर पोलीस ठाण्यात!

"आता सुचलं तुला? आता?" ती त्याच्या अंगावर धावली. "काल का नाही लिहिलं?"

"कल पुलिस नहीं आई थी ना, दीदी!"

"बैठिए!" अंजनी मॅडमनी टेबलावर थाप मारली. "देखिए प्रणोती जी, सोच-समझकर बोलिए. ये फोटो आपकी है या नहीं?"

सुशांतने मागून तिचा पदर ओढला. बापू खाकरले. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पण प्रणोतीची नजर मॅडमच्या हातातल्या छापील फोटोवर गेली. नंदी गायब, वरून आभाळ कापलेलं, रंग भडक केलेले, आणि मधोमध 'अनिमेष'! तिची कानशिलं तापली.

"माझाच आहे!" ती कडाडली. "पण अशी चिंधी नाही काढली मी! ये देखिए ओरिजिनल!"

तिने पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर काँटेसा, धूर, आणि मागे नंदींची रांग. कुणाला शिंगं नाहीत, कुणाला तोंड नाही.

अंजनी मॅडम वाकून पाहू लागल्या. "ये बैल राइट टाउन में कहाँ हैं?"

"नाहीयेत ना! ये शालिग्रामजी का आँगन है, भेडाघाट के पास! या नालायकाने नंदी कापले म्हणून तुम्हाला रस्ता वाटला! मॅडम, इसको फोटो चोरी में नहीं, नंदी चोरी में पकड़ो!"

मॅडमनी शालिग्रामजींना फोन लावला. त्यांनी आवार आपलंच, परवानगीही आपलीच, असं सांगितलं आणि वर नंदी घ्यायचा असेल तर स्वस्तात देतो म्हणाले. मग अनिमेषची अशी हजेरी घेतली गेली की त्याच्या पानावरचा 'किंग' त्याच रात्री उतरला. फोटोही त्याला तिथल्या तिथे पुसायला लावला.

"पुसू नका!" प्रणोती कळवळली. "आता नाव टाकलंय ना, राहू द्या!"

सुशांतने तिला दंडाला धरून दाराकडे नेलं. इतक्यात मॅडम म्हणाल्या, "फोटो वैसे कमाल की है. हमारे ट्रैफिक वाले अभियान के लिए देंगी?"

प्रणोती वळली. राग पुरता निवला नव्हता, पण मान ताठ झाली.

"देईन. पण नाव पाहिजे. मोठ्या अक्षरात! कापायचं नाही, कोपऱ्यात टाकायचं नाही!"

"पक्का," मॅडम म्हणाल्या.

आणि त्यांनी शब्द पाळला. पंधरवड्यात शहरातल्या चौकाचौकांत फलक लागले. प्रणोती पहिला फलक पाहायला बापूंना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेली. फोटो भला मोठा, धूर झकास. फोटोच्या वर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'ऐसी मूर्खता न करें!' आणि फोटोच्या खाली, तितक्याच मोठ्या लाल अक्षरात, 'प्रणोती बोकारे'.

बापूंनी वरून खालपर्यंत सावकाश वाचलं.

"बरोबर लिहिलं त्यांनी," ते म्हणाले. "वेलांटीही चुकली नाही."

प्रणोतीने तिथूनच अंजनी मॅडमना फोन लावला. "काढा! नाव काढा माझं! सगळ्या चौकांतून काढा!"

"मैडम, आप ही ने तो कहा था, बड़े अक्षरों में. अब तो सब लग गए!"

फोन बंद करून ती वळते तो काय, शेजारी एक ऑटो येऊन थांबलेली. ऑटोवाल्याने फलकाकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "दीदी, प्रणोती बोकारे आप ही हैं क्या?"

प्रणोतीने ओढणी नाकापर्यंत ओढली.

"जी नहीं!" ती त्याच्या अंगावर वसकन ओरडली. "मैं उनकी जेठानी हूँ!"