काशिनाथअप्पांचं शून्य

शून्य लिहायचं असलं की काशिनाथअप्पा आधी चपला घालायचे.

आमचं ऑफिस परभणीत, आकडेवारीचं. विहिरी किती, जनावरं किती, दुकानं किती, असं सगळं मोजून वर पाठवायचं. अप्पा तिथले अन्वेषक, म्हणजे गावोगाव फिरून फॉर्म भरून आणणारे. ते फॉर्म संगणकात चढवणारी लिपिक मी. वर्षातून एकदा वरून एक वेगळीच पाहणी यायची: देशात संशोधन करणारी माणसं किती? त्यासाठी जिल्ह्यातली कॉलेजं, बियाण्यांच्या कंपन्या, छोटे कारखाने, सगळ्यांकडून एक लांबलचक फॉर्म भरून घ्यायचा. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असायचं: संशोधक, शून्य. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. अप्पा मात्र तो फॉर्म पिशवीत घालून एसटी स्टँडवर जायचे, शून्य बघायला.

जिंतूरच्या एका बियाणे कंपनीच्या मॅनेजरनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "आमच्याकडं संशोधन-बिंशोधन काही न्हाई हो." दुसऱ्या दिवशी अप्पा त्याच्या दारात.

"न्हाई म्हणालात, ते दाखवा."

"न्हाई ते काय दाखवू?"

"जिथं न्हाई, ती जागा दाखवा."

त्या बिचाऱ्यानं त्यांना गोडाऊन दाखवलं, वजनकाटा दाखवला, शेवटी संडाससुद्धा उघडून दाखवला. संध्याकाळी अप्पा घामानं चिंब होऊन ऑफिसात आले. "पक्कं शून्य हाय, ताई. डोळ्यानं बघितलं." त्या दिवशी त्यांनी दोन चहा घेतले.

हा कामाचा उत्साह आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. नंतर कळलं, ती भीती होती. अप्पांना फोनची भीती वाटायची, लाल शाईची वाटायची, नव्या साहेबांची वाटायची, आणि जुन्या साहेबांचीही. वरून खाकी पाकीट आलं की ते उभं राहून उघडायचे. उघडण्याआधी शर्टाच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायचे. पण त्यांची सगळ्यात मोठी भीती एका माणसाची होती.

"वर कुणीतरी वाचायलंय, ताई."

दिल्लीत एक माणूस बसलेला आहे आणि तो देशातला प्रत्येक फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, अशी अप्पांची खात्री होती. त्या माणसाचा चेहराही त्यांनी ठरवून टाकला होता. जाड चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कुणाशी बोलणं नाही, डबा एकटाच खातो. मी म्हणायची, "अप्पा, तिथं कुणी वाचत नाही. तिथं नुसती बेरीज होते." अप्पांचा चेहरा पांढरा पडायचा. "हळू बोला. ऐकू गेलं तर?"

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता. माणूस किती वेळ संशोधन करतो? अर्धा दिवस शिकवत असेल आणि अर्धा दिवस संशोधन करत असेल, तर तो अर्धा संशोधक धरायचा. अप्पांनी हा नियम जगाला लावून टाकला. आमच्या ऑफिसात सात जण. "बसायला सात, कामाला अडीच," असं त्यांचं मोजमाप. त्यात मी पाऊण आहे, हे त्यांनी मला माझ्या वाढदिवसाला, हातावर पेढा ठेवून सांगितलं. मी तो पेढा रागानं खाल्ला आणि विचारलं, "आणि तुम्ही किती?" अप्पांनी खरोखर विचार केला. "निम्मा वेळ भिण्यातच जातो. अर्धा धरा."

या सगळ्यात सोनपेठचा फॉर्म मात्र वेगळा होता.

सोनपेठच्या एका कॉलेजमागं पत्र्याची एक खोली होती. तिथं नसीम मॅडम गोगलगायी मोजायच्या. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायी उन्हाळ्यात मातीत किती खोल जातात, किती जगतात, कशानं मरतात, यावर त्यांचं कितीतरी वर्षांचं काम चाललं होतं. निवृत्तीला कॉलेजनं शाल दिली आणि खोली त्यांच्याकडेच राहू दिली, कारण त्या बरण्यांच्या जवळ जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. सोनपेठ तालुक्याच्या रकान्यात आम्ही दर वर्षी लिहायचो: संशोधक, एक. ती एक म्हणजे या बाई.

आता नियम असा, की संस्थेच्या सेवेत असेल तीच व्यक्ती मोजायची. पण निवृत्तीनंतरही तीन वर्षं अप्पा एक लिहीत राहिले. मी टोकलं, तर म्हणाले, "बाई रिटायर झाल्यात. काम कुठं रिटायर झालंय?" आणि मग स्वतःच्याच धाडसाला घाबरून तांब्याभर पाणी प्यायले. मी 'तपासले' या शब्दाखाली माझी छोटी सही करून टाकली. ती करताना मला काही वाटलं नाही, हे खरं सांगते.

मागच्या दोन्ही वर्षी मी त्यांच्याबरोबर सोनपेठला गेले. एसटीत अप्पा पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसायचे आणि ओठातल्या ओठात शिवाचं नाव घ्यायचे. कॉलेजच्या फाटकाशी आलं की त्यांचे पाय थांबायचे. "ताई, तुमी आधी जा. मॅडम हाईत का बघा." मला वाटायचं, हा माणूस गोगलगायींना भितो. मी पुढं जाऊन दार ढकलायची. आतून आवाज यायचा, "आओ आओ! काशिनाथ, बाहेर का उभे? या वर्षीबी मी एकच हाय. लिहा." मग अप्पा आत यायचे. मॅडम त्यांच्या हातात थर्मामीटर द्यायच्या. "डरू नका, चावत न्हाई ते." अप्पा मातीचं तापमान तीनदा वाचायचे, मॅडम वहीत लिहायच्या. परतीच्या एसटीत अप्पा पाथरी येईपर्यंत घोरायचे.

मग या उन्हाळ्यात ते खाकी पाकीट आलं.

जिथं एकच संशोधक दाखवला आहे तिथं वरून एक साहेब स्वतः येऊन पडताळणी करतील, नोंद खोटी निघाली तर सही करणाऱ्यावर जबाबदारी निश्चित होईल, असं त्यात लिहिलं होतं. खाली यादी, आणि यादीत मागच्या वर्षीच्या 'सोनपेठ, एक' या शब्दांखाली लाल रेघ. म्हणजे वर खरंच कुणीतरी वाचत होतं.

अप्पांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. मला वाटलं, आता ते "बघा, सांगत होतो की न्हाई" म्हणतील. पण ते पत्र वाचून चक्क खाली बसले. त्यानं मी जास्त घाबरले.

या वर्षीचा सोनपेठचा फॉर्म कितीतरी दिवस त्यांच्या टेबलावर पडून होता. रकान्यात पेन्सिलीनं 'एक', आणि खाली सहीची जागा मोकळी. या खेपेला मी रजेवर होते, म्हणून अप्पा एकटेच जाऊन आले होते. मी त्यांच्यावर ओरडलेच. "अप्पा, नियमानं शून्य लिहा आणि मोकळे व्हा. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. मागच्या फॉर्मांखाली माझं पण नाव आहे!"

"बघू," अप्पा म्हणाले. पण उठले नाहीत. शून्याचं नाव काढल्यावर हा माणूस जागचा हलला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी माझ्याच नोकरीच्या काळजीत होते.

पडताळणीला आलेले साहेब तरुण होते, कमी बोलणारे. जीपमध्ये ते पुढं, आम्ही दोघं मागं. रस्ताभर अप्पांचा गुडघा थडथड उडत होता. फाटकाशी उतरल्यावर मी सवयीनं थांबले. पण या वेळी अप्पा मला आधी जा म्हणाले नाहीत.

कॉलेजचा शिपाई बाबू समोरून आला. त्यानं साहेबांकडं पाहिलंसुद्धा नाही. "अप्पा, आज कसं काय? आज तर रविवार न्हाई," म्हणत त्यानं खिशातून किल्ली काढून अप्पांच्या हातात दिली.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी अप्पांकडं.

खोलीत बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. वरचं गोणपाट ओलं होतं. टेबलावर मॅडमची वही. साहेबांनी ती उघडली आणि पानामागून पान उलटायला लागले. रोजची तारीख, रोजचं तापमान, मॅडमचं तिरकं, घाईचं अक्षर. जानेवारीच्या एका पानावर ते अक्षर मध्येच संपलं. त्याखाली गोल, दाबून काढलेलं, आठवड्यातून एकदाच लिहिलेलं दुसरं अक्षर सुरू झालं. ते मी सहा वर्षं रोज वाचत होते.

"मॅडम कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

अप्पा बरण्यांवरचं गोणपाट सारखं करू लागले. बाबूच म्हणाला, "गेल्या की साहेब. संक्रांतीच्या आदल्या हप्त्यात. झोपल्या त्या उठल्याच न्हाईत. त्याच दिवशी हे अप्पा फॉर्म घेऊन आले हुते. खोलीला कुलूप बघून घराकडं गेले, तर अंगणात माणसं जमलेली."

मी रजेवर होते. आधी आत जायला त्या दिवशी त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं.

"मग ही वही कोण लिहितंय?"

"मी, साहेब." आणि एकदा तोंड उघडल्यावर अप्पांना थांबता येईना. "माती सुकली की मरत्यात त्या. मॅडमनं सांगितलं हुतं. बाबू पाणी शिंपडतो, मी रविवारी येऊन मोजतो. ऑफिसच्या वेळात एकदाबी आलो न्हाई, साहेब. तिकिटं हाईत." त्यांनी पिशवीतून रबर लावलेला एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा काढून साहेबांपुढं धरला. घाईत दोन-तीन तिकिटं खाली पडली.

साहेबांनी ऑफिसातून सोबत घेतलेला या वर्षीचा फॉर्म काढला. "फॉर्मात एक लिहिलंय तुम्ही."

"पेन्सिलीनं, साहेब. सही न्हाई केली. खोटं लिहायची हिंमत न्हाई, अन् खरं लिहायला हात उठंना."

साहेब मॅडमच्या स्टुलावर बसले आणि पुन्हा वही वाचू लागले. बराच वेळ. मी मनातल्या मनात माझ्या सहीला शिव्या घालत होते. शेवटी ते म्हणाले, "मागची तीन वर्षं इथं रोज काम झालंय. खोली कॉलेजची, वही समोर आहे. ती नोंद बरोबर आहे, मी तसं लिहून देतो." मग त्यांनी तो फॉर्म अप्पांकडं सरकवला. "हा मात्र तुम्हालाच भरावा लागेल."

अप्पांनी खोडरबर मागितलं. 'एक' पुसला, फुंकर मारली, पेन काढून शून्य लिहिलं आणि सही केली. मग नेहमीसारखा फॉर्म वरपासून खालपर्यंत तपासला. चूक नव्हती.

माझ्या जिवात जीव आला. त्यांची पेन्शन वाचली, माझी नोकरी वाचली. जीपमध्ये बसताना मला हसूसुद्धा फुटत होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मी अप्पांना म्हटलं, "सुटलो बघा. आता कसली भीती नाही."

अप्पा बाहेर बघत होते.

"तेच की, ताई," ते म्हणाले. "सोनपेठला जायचं ठरलं की आठ दिवस आधी पोटात गोळा यायचा. बाईला काय झालं तर नसंल? दारात दिसतील का न्हाई? घरी फिकीर करावी असं कुणी न्हाई मला. बायको जाऊन लय वर्षं झाली, लेकरूबाळ न्हाई. वरच्या साहेबाला भीत हुतो ते खरं, पर ती भीती येगळी. ही येगळी हुती. माणसासाठी भ्यायची."

जीप पाथरीच्या रस्त्याला लागली. अप्पांचा गुडघा आता शांत होता.

"आता कुणासाठी भ्यायचं?" ते म्हणाले, आणि पिशवी तोंडाशी धरून रडायला लागले.